चौथरा आणि मोजणी

१९ फेब्रुवारीला शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते. पाळणा हलतो, पोवाडे होतात, मंत्री येतात नि जातात, आणि गावोगावची पोरं मशाल पेटवून ज्योत आपापल्या गावाकडे पळवत नेतात. जन्मस्थानापासून बदामी टाक्यापर्यंत आणि तिथून कडेलोटापर्यंत नुसती रीघ. त्या रिघेतली मोजकीच माणसं मधल्या टेकडीच्या पायऱ्या चढतात. वर ईदगाहची भिंत आहे आणि तिच्या जवळ एक जुनं दगडी बांधकाम. जुन्नरात त्याला कोळी चौथरा म्हणतात. जुन्या लिखाणात त्याचं नाव काळा चबुतरा.

वर वारा असा, की टोपी डोक्यावरून काढून हातात घ्यावी लागते. उत्तरेला लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडीचा डोंगर, पायथ्याला जुन्नरची घरं, पश्चिमेला चावंड आणि त्याच्या मागे घाटमाथ्याची धूसर रेघ. देखावा बघायला आलेला माणूस दमून टेकतो तो इथेच. मीही टेकलो आहे, शेंगदाणे खाल्ले आहेत, फोटो काढले आहेत. आदिवासी संघटनांची माणसं इथे फुलं वाहायला येतात, ती टेकत नाहीत. उभी राहतात.

हकिगत थोडक्यात अशी. या डोंगराळ मुलखाला बावन्न मावळं म्हणत आणि मावळागणिक महादेव कोळ्यांचा एक नाईक असे. बहामनी आणि निजामशाही अमलात या नाईकांना सरदार-मनसबदारांचा मान होता. त्यांच्यावरचा सरनाईक जुन्नरला बसे आणि तो मुसलमान असे. म्हणजे सत्ता कुणाची हा प्रश्न डोंगराला फारसा पडत नव्हता, जोवर सत्ता डोंगराच्या आत शिरत नव्हती. १६३६ साली निजामशाही बुडाली, जुन्नर मोगलांकडे गेलं आणि अकबराचा हिंदू दिवाण तोडरमल याच्या धर्तीची पाहणी दख्खनमध्ये आली. जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची, त्यावर सारा बसवायचा आणि तो पुरता वसूल करायचा. राब भाजून उतारावर नाचणी-वरई काढणाऱ्या माणसाच्या वावरात पहिल्यांदा कुणीतरी माप घेऊन उभं राहिलं. खेमा नाईकाने बाकीच्या नाईकांना शब्दाने बांधून घेतलं आणि संधी येताच सगळा मुलूख उठला. मोगलांची फौज डोंगरात आली. बंड मोडायला त्यांना जड गेलं, आणि जड गेलं म्हणून की काय, मोडताना दयामाया उरली नाही. नाईकाचं सगळं घराणं संपवलं. जुन्नरला आणलेल्या कैद्यांची मुंडकी उडवून त्यांचा ढीग रचला आणि ढिगावर चौथरा बांधला.

तालुक्यात या घटनेचं साल १६५० सांगतात. इंग्रजी गॅझेटिअर ती शिवाजी महाराजांच्या उदयाशी, म्हणजे १६५७ च्या आसपास नेऊन जोडतं. नाईकाचं नावही कुठे खेमा, कुठे खेमी, कुठे खेनी. मेलेल्यांचा आकडा दीड हजाराच्या पुढचा आहे, पण तो लोकांच्या तोंडी आहे. ढीग मात्र साहेबाच्या कागदावर आहे.

तो साहेब कोण, हेही सांगायला हवं. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. १८२९-३० च्या सुमारास रामजी भांगरे, रामा किरवा यांच्या पुढारीपणाखाली कोळ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केलं, ते मोडायला जी माणसं डोंगरात गेली त्यांचा हा म्होरक्या. बंड मोडल्यावर १८३६ मध्ये त्याने महादेव कोळ्यांवर एक लांबलचक वृत्तांत प्रसिद्ध केला. कुळं, देव, लग्नं, शपथा, शिकारी, आणि त्यात हा काळा चबुतरा. ज्यांच्या मागावर महिनोन्‌महिने रानात हिंडला त्यांचीच त्याने इतकी बारकाईने नोंद केली, की पुढे शंभर वर्षं महादेव कोळ्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या दारावरून जावं लागलं. मला त्याचा राग येत नाही. कुतूहल वाटतं. माणूस पकडायचा तर त्याचं कुळ, त्याची सोयरीक, त्याचा देव माहीत असावा लागतो. पोलिसाची वही आणि अभ्यासकाची वही यांच्यात त्या काळी फारसं अंतर नव्हतं.

हत्याकांडाची गोष्ट आपण तलवारीपासून सांगायला लागतो. शिवनेरीच्या बाबतीत मला ती मोजणीपासून सांगावीशी वाटते. कारण खेमा नाईक उठला तो कुणी देऊळ पाडलं म्हणून उठल्याचं या वृत्तांतांत नाही. तो वावराला माप लागलं म्हणून उठला. पुढे औरंगजेबाच्या अमलात कोळ्यांना सांभाळून घेतलं गेलं असंही तीच गॅझेटिअरं सांगतात. एकाच दरबाराने एका हाताने ढीग रचावा आणि दुसऱ्या हाताने पाठीवरून हात फिरवावा, यात विसंगती अशी काही नाही. दोन्ही हातांचं काम एकच, सारा वेळेवर येणं.

टेकडीवरून दक्षिणेला जो मानमोडीचा डोंगर दिसतो, त्याच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याने मंडप आणि पाण्याचं टाकं दान दिलं, वर्ष ४६. शकांचं ते क्षहरात घराणं. इथल्याच लेण्यांत यवन दात्यांचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर म्हणजे नाणेघाटाच्या तोंडावरची पेठ. नाना देशींचे लोक इथे पैसे कमवत आणि थोडे दगडात घालत. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकच्या लेण्यातला जो लेख ही गोष्ट सांगतो तो गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात, म्हातारीने लेकाचे गुण कोरवून घेतले. तो आईची सेवा करणारा होता, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होता, आणि त्याने क्षहरातांच्या वंशाचं काही शिल्लक ठेवलं नाही. तिन्ही गोष्टी एकाच ओघात, एकाच कौतुकाने.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. असं एखादं नाणं संग्रहालयाच्या काचेतून नीट बघावं. वरून तीन कमानींचा डोंगर उमटलेला असतो, आणि त्या डोंगराच्या बाजूने नहपानाचं नाक बाहेर आलेलं असतं. कुठे कान, कुठे केसांची कड. टांकसाळीतल्या कारागिराने दिवसाला किती नाणी ठोकली असतील कोण जाणे, पण प्रत्येक चेहरा पुरता झाकेपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता. वंश संपवल्याचा शिलालेख आईने कोरवला आणि त्याच वंशाचं नाक कारागिराने राहू दिलं. इतिहासाचं काम करणाऱ्याला दोन्ही लागतात. माझा भरवसा मात्र नाकावर जास्त.

जगात वंशसंहाराच्या अभ्यासाचा पाया ज्याने घातला तो राफाएल लेमकिन नाकं शोधणाराच होता. जन्म १९०० चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, आताच्या बेलारूसमधल्या एका खेड्यातला. पोलंडमधला ज्यू वकील. विद्यार्थी असताना अर्मेनियन लोकांच्या कत्तलीची बातमी वाचून त्याला पडलेला प्रश्न साधा होता. एका माणसाचा खून करणाऱ्याला कायदा धरतो, मग लाखोंचा करणाऱ्याला का धरत नाही? महायुद्धात तो जीव वाचवून अमेरिकेत पोचला. मागे राहिलेल्यांपैकी आईवडिलांसह ४९ नातलग मारले गेले. १९४४ साली त्याचं जाडजूड पुस्तक आलं आणि त्यात या गुन्ह्याला त्याने पहिल्यांदा नाव दिलं. या पुस्तकाबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यात प्रेतांचे ढीग जवळजवळ नाहीत. त्यात सरकारी हुकूम आहेत. जर्मनांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जिंकलेल्या देशांत काढलेली फर्मानं, कायदे, अधिसूचना: कुणाच्या मालमत्तेची नोंद करायची, कुणाला किती शिधा द्यायचा, शाळेत कोणती भाषा चालेल, कुणी कुणाशी लग्न करायचं. लेमकिन हे कागद जमवत बसला आणि कागदांवरून त्याला पुढचं दिसलं.

९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. संस्कृती मारणं, म्हणजे भाषा, देव, ग्रंथ पुसून टाकणं हाही याच गुन्ह्याचा भाग धरावा असा लेमकिनचा आग्रह होता. तो भाग मसुद्यातून गळाला. भारताने २९ नोव्हेंबर १९४९ ला करारावर सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ ला तो कायम केला. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, लेमकिन न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने गेला. शेवटी हातात पैसा नव्हता, अंत्यविधीला मूठभर माणसं होती आणि मागे जगभरच्या संहारांच्या इतिहासाचं भलंमोठं अपुरं हस्तलिखित होतं. त्यात मंगोलांच्या स्वाऱ्या आहेत, अमेरिकेतले मूळ रहिवासी आहेत. जुन्नरची वार्ता त्याच्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं. भारताने करार मान्य केला, पण त्यातला गुन्हा देशाच्या दंडविधानात अजून आलेला नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या हत्याकांडाच्या एका अपिलात डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली होती.

लेमकिन गेला त्या वर्षी जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचा एक मुलगा वीस वर्षांचा होता. गोविंद गारे. जन्म ४ मार्च १९३९. निमगिरी म्हणजे त्याच नावाच्या किल्ल्याच्या पायथ्याचं महादेव कोळ्यांचं गाव. आज आपण सहज निमगिरीला जातो, किल्ला चढतो, टाक्याचं पाणी बघतो आणि चहा पिऊन परत येतो. त्या काळी तिथल्या मुलाने शाळा पुरी करणं हीच केवढी चढण होती, हे पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं. गारे शिकले, डॉक्टरेट झाले, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हे त्यांचं पुस्तक आणि ‘इतिहास आदिवासी वीरांचा’ हे दुसरं. बाकी पुस्तकांची रांग मोठी आहे. २४ एप्रिल २००६ ला ते गेले.

त्यांच्या आधी या जमातीवर विद्वानांनी लिहिलं नव्हतं असं नाही. मॅकिंटॉश झाला, गॅझेटिअरं झाली. डॉ. गो. स. घुर्ये यांचं महादेव कोळ्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९५७ चं. घुर्ये मोठे, यात वाद नाही. पण आदिवासी म्हणजे मागास हिंदू, ही त्यांची १९४३ पासूनची मांडणी होती आणि त्या मांडणीत महादेव कोळी हा एका मोठ्या समाजाच्या काठावरचा तुकडा होता. गाऱ्यांनी त्याला काठावरून मध्यावर आणलं. त्यांच्या लिखाणात कोळी हा कुणाचा उरलेला भाग नाही, तो बोलणारा माणूस आहे. राघोजी भांगरे, ज्यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, किंवा आंबेगावच्या जांभोरीचे होनाजी केंगले, जे सावकारांची नाकं कापत आणि १८७६ मध्ये मेजर डॅनिअलच्या हाती लागले, ही नावं सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून पडून होती. गारे आणि त्यांच्या पिढीने ती उचलून इतिहासाच्या पुस्तकात ठेवली. कोळी चौथऱ्यापुढे आज जी माणसं फुलं घेऊन उभी राहतात, त्यांच्या हातातली माहिती बरीचशी या लिखाणाच्या वाटेने आलेली आहे. एरवी चौथरा ट्रेकिंगच्या पुस्तकातलं एक वाक्य म्हणून उरला असता.

स्वतःला वंशसंहाराचा अभ्यासक म्हणवून घ्यायचं गाऱ्यांना सुचलंही नसेल. मी त्यांना त्या रांगेत बसवतो आहे, ते माझ्या जबाबदारीवर. त्याचं कारण त्यांची नोकरी.

स्वातंत्र्यानंतर आदिवासी कोण, हे सरकारला ठरवावं लागलं. सवलती आल्या आणि त्यामागोमाग दाखले आले. नाव सारखं असल्याचा फायदा घेऊन किनाऱ्यावरचे, नदीकाठचे इतर कोळीही महादेव कोळी म्हणून दाखले काढू लागले. पडताळणीचं काम पुण्याच्या याच संशोधन संस्थेशी जोडलं गेलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात जो खटला गाजला आणि ज्यातून देशभराच्या पडताळणी समित्यांची घडी बसली, तो महादेव कोळी दाखल्याचाच होता. समितीपुढे उमेदवाराला विचारतात: कुळ कोणतं? कुलदैवत? लग्नात काय करता? मयताला काय करता? वाघबारस पाळता का? मॅकिंटॉशने रानात विचारले ते प्रश्न जवळपास हेच. फरक एवढाच, की विचारणाऱ्या कचेरीचं प्रमुखपद आता निमगिरीच्या माणसाकडे होतं. मोजल्या गेलेल्यांच्या पोराच्या हातात माप आलं. त्याने ते आपल्या लोकांच्या रक्षणासाठी वापरलं, आणि वापरावंच लागलं. पण माप ते मापच. एखाद्या शहरात वाढलेल्या खऱ्या महादेव कोळ्याच्या नातीला वाघोबाचं गाणं येत नसेल, तर ती कोण? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की ही नातं जुळण्याची चाचणी म्हणजे अखेरचा निकष नव्हे. हा पेच गाऱ्यांच्या वाट्याला आला, लेमकिनच्या आला नाही. म्हणून गाऱ्यांचा वारसा मला जास्त अवघड वाटतो.

मापाची आणखी एक गोष्ट पुण्याचीच आहे. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. या फिशरनी नैर्ऋत्य आफ्रिकेत, जिथे १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, त्याच मुलखात मिश्रवंशीयांची मोजमापं घेऊन नाव कमावलं होतं. पुढे त्यांचे वंशसिद्धान्त नाझींच्या कामी आले. इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवट्यांचा. दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या कवट्या मोजायच्या आणि त्याचा वंशाशी काय संबंध ते पाहायचं. गोऱ्यांच्या मेंदूची एक बाजू मोठी, म्हणून ते बुद्धिमान, असं काहीतरी निघावं ही गुरुजींची इच्छा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून टाकलं, की असा काही संबंध दिसत नाही. परकी मुलगी, परका देश, समोर संस्थेचा सर्वेसर्वा. महाराष्ट्रात आपण त्यांना ‘युगान्त’साठी आठवतो. मला ही बर्लिनमधली खोली आठवते, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कवट्या, आणि त्यांतली प्रत्येक कुठल्या तरी गावच्या कुणाची तरी. त्या पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्या आणि इथेही त्यांनी माणसांची मापं घेतली. माप टाकून दिलं नाही, त्याच्यावर नजर ठेवली.

एका उन्हाळ्यात आंबेगावच्या पश्चिमेला एका मित्राच्या घरी गेलो होतो. अंगणभर बाळहिरडा वाळत घातलेला, हिरवा चुरगळून काळा पडत चाललेला. पायाखाली येईल म्हणून मी कडेकडेने चाललो होतो. मित्राची आजी ओट्यावर बसून काड्या-पाला निवडत होती. तिने मान वर न करताच विचारलं, “कुन्या कुळीचा रं तू बाबा?” मी माझं गाव आणि आडनाव सांगितलं. तिला त्यात गम्य नव्हतं. मग मीच तिला तिकडच्या कुळांबद्दल विचारलं. हिरड्यावरचा हात न थांबवता ती सांगत गेली. कोणतं कुळ कुठल्या गावात, कुणाचं कुणाशी सोयरपण चालत नाही, कोणता देव कुणाचा. मी वही काढली तशी ती गप्प झाली. वही पिशवीत गेल्यावर पुन्हा बोलायला लागली. “लई कुळं बुडाली आजी, ती कुठली?” असं मी विचारलं. “बुडाली त्यांची नावं घिऊन काय करायचं? हाईत त्यांची पोरं शिकव की.” मित्र हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि माझा प्रश्नही चुकीचा नव्हता.

आता मोठा शब्द वापरायच्या आधीचा विवेक. कराराच्या कसोटीला ‘हेतू’ लागतो: अमुक समूह, समूह म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायचा हेतू. शिवनेरीवर नाईकाचं घराणं संपवलं गेलं, ते बंडाची शिक्षा म्हणून की मूळच खणून काढायचं म्हणून? कायद्याचा माणूस इथे अडेल आणि अडावंच. मला घाई नाही. घाई ज्यांना आहे त्यांची मात्र भीती वाटते. चौथरा आणि ईदगाह शेजारी असल्यामुळे एका बाजूला नुसतं हिंदू आणि दुसऱ्या बाजूला नुसतं मुसलमान उभं करून ही गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते, आणि मोबाइलवर तशी ती सांगितलीही जाते. त्या गोष्टीत मुसलमान सरनाईक मावत नाही, सारा मावत नाही, तोडरमल तर मुळीच मावत नाही. मेलेल्यांना दुसऱ्यांदा कामाला लावणं हा प्रकार या अभ्यासाच्या भोवती जगभर चालतो. जुन्नर त्याला अपवाद कसा असेल?

उलट बाजूने शब्द ताणणारेही भेटतात. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. पाणी पूर्वेच्या उसाला गेलं, आणि माणिकडोह-डिंभ्याकडे जमिनी ज्यांच्या बुडाल्या त्यांत महादेव कोळी मोठ्या संख्येने होते. सभांत कुणी तरी उठून याला संहार म्हणतं. मी म्हणणार नाही. हा अन्याय आहे, त्याचा हिशेब वेगळा मागायला हवा आणि वेगळा मागितला तरच मिळेल. ३० जुलै २०१४ च्या पहाटे याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. ती आपत्ती. पण माळीणच्या स्मृतिस्तंभावर गेलेल्यांची नावं लिहिलेली आहेत, आणि तिथे उभं राहिल्यावर ध्यानात येतं, की कोळी चौथऱ्याखाली जे आहेत त्यांच्यातलं एकाच माणसाचं नाव आपल्याकडे आहे, तेही तीन तऱ्हांनी.

मला वाटतं, या अभ्यासाचं पुढचं काम इथे आहे. जगभर आता विद्यापीठांत विभाग आहेत, नियतकालिकं आहेत, अमुक घटना यादीत बसते की नाही यावर परिषदा झडतात. त्या झडोत. पण लेमकिनची मूळ रीत कागद वाचायची होती, आणि गाऱ्यांनी त्यात भर घातली ती अशी, की कागदातला माणूस ज्यांच्या घरचा आहे त्यांच्यातल्याच कुणी तो कागद वाचावा. वीरांची यादी करून झाली. वीरांच्या यादीत बायका-पोरं बसत नाहीत, आणि चौथऱ्याच्या गोष्टीत तीही होती. त्यांच्यापर्यंत पोवाड्याने पोचता येणार नाही. गावांच्या ओसाड पडलेल्या नोंदी, कमी झालेला सारा, बदललेले वतनदार यांवरून पोचता येईल. मोजणीनेच उठवलेलं रान आहे, तर मोजणीच्याच कागदांत ते कुठे तरी सांडलेलं असणार.

गारे गेले त्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, वनहक्क कायदा झाला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला आता पोरं हातात जीपीएस घेऊन आपल्याच रानाची हद्द मोजताना दिसतात. दावा दाखल करायला नकाशा लागतो, पुरावे लागतात, म्हाताऱ्यांचे जबाब लागतात. ओट्यांवर बसलेल्या आज्या या पोरांना कुळांची नावं न विचारता सांगतात, कारण इथे वही त्यांच्याच नातवाची असते. ही तयारी झालेली मुलं-मुली तालुक्यात आहेत. आडनावांचे मोडतोड झालेले उच्चार त्यांना ओळखू येतील, वाड्यांची बदललेली नावं त्यांना माहीत आहेत.

शाहजहानच्या काळातली दख्खनची मोगल कागदपत्रं हैदराबादच्या अभिलेखागारात हजारोंनी आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचा खंड तिथल्या दफ्तर-ए-दिवाणीने १९५० सालीच छापला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी फारसी कागदांवर आयुष्य घातलं, त्यामुळे ही विद्या आपल्याकडे परकी नाही. मोगल कारकुनाचं शिकस्ता अक्षर लागायला आधी फारसी यावी लागते आणि मग डोळे बसावे लागतात. दोन्हीला मिळून चार-पाच वर्षं जातात. एवढी वर्षं निमगिरीच्या किंवा जांभोरीच्या एखाद्या मुलीला घरची चिंता न करता हैदराबादेत बसवेल अशी शिष्यवृत्ती कुणी तरी काढायला हवी. अर्जावर कुळ विचारलं नाही तरी चालेल.